जबड्याचा तुलनात्मक तक्ता

जबडा पहिल्यांदा वाजला तेव्हा तक्तेसाहेब ऑफिसच्या स्टोअररूममध्ये डबा खात होते. 'कट्' असा तो आवाज आपल्याच तोंडातून आला असेल यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी आधी डब्याच्या झाकणाकडे पाहिलं, मग डोक्यावरच्या पंख्याकडे, मग समोर बसलेल्या स्टोअरकीपरकडे.

"माझ्याकडे काय बघतोस? तुझंच काहीतरी वाजलं," स्टोअरकीपर म्हणाला.

तक्तेसाहेब हे काही त्यांचं जन्माचं नाव नव्हे. पण ऑफिसात जन्माचं नाव फक्त पगाराच्या दिवशी लागायचं. ते खरेदी विभागाचे प्रमुख. टाचणीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत कुठलीही वस्तू तीन ठिकाणची दरपत्रकं मागवून, त्यांचा तुलनात्मक तक्ता करून, खाली शेरा मारल्याशिवाय त्यांनी कधी घेऊ दिली नव्हती. नियम चांगलाच आहे. फक्त तो एके दिवशी ऑफिसातून त्यांच्यामागोमाग घरी आला आणि तिथेच राहिला. पडद्याचं कापड, मुलीचं कॉलेज, गळका पाइप, सगळ्याला तक्ता. "लग्नाच्या वेळी ही सवय लागली नव्हती, म्हणून मी या घरात आहे," असं त्यांची बायको आल्यागेल्याला सांगायची. शिवाय त्यांचा एक लाडका प्रश्न होता. उद्या पाणी येणार नाही, एवढं जरी कोणी सांगितलं तरी ते विचारायचे, "लेखी आहे का?"

तर त्या दिवशीचा डबा. तक्तेसाहेब आणि स्टोअरकीपर गेली सव्वीस वर्षं एकत्र जेवत होते, तेही स्टोअररूममध्येच, फायलींच्या गठ्ठ्यांच्या आडोशाला. स्टोअरकीपर सात आठवड्यांनी निवृत्त होणार होता. हा माणूस असा, की सव्वीस वर्षांत त्याने कोणाकडे काही मागितलेलं नव्हतं. चहासुद्धा दुसऱ्याने विचारला तरच प्यायचा. आणि त्या दिवशी तो म्हणाला, "निरोपाच्या वेळी दोन शब्द तू बोल."

"मीच बोलणार. दुसरं कोण बोलेल?"

"तसं नाही रे. खुर्च्यांचं बोल."

तक्तेसाहेबांचा घास तोंडातच राहिला.

"बायको येणार आहे, मुलगा-सून येतायत. त्यांच्यासमोर एकदा सांग. साहेबलोकांनी काही करावं म्हणून नाही, मला आता काही नकोच आहे. घरच्यांनी ऐकावं, बस."

"सांगतो की," असं म्हणायला तक्तेसाहेबांनी तोंड उघडलं, आणि तेव्हाच ते 'कट्' झालं होतं.

आता खुर्च्यांचं सांगायलाच हवं. अकरा वर्षांपूर्वी सभागृहासाठी एकशेवीस खुर्च्या घ्यायच्या होत्या. स्टोअरकीपरने मागणीची चिठ्ठी केली आणि कॅटलॉगमधला क्रमांक लिहायची जागा नेहमीप्रमाणे खरेदी विभागासाठी मोकळी सोडली. तक्तेसाहेबांनी तीन दरपत्रकं मागवली, सुंदर तक्ता केला, आणि चिठ्ठीवर क्रमांक लिहिताना चुकून खालच्या ओळीतला लिहिला. महिन्याभराने ट्रक आला. त्यातून एकशेवीस खुर्च्या उतरल्या, त्या बालवाडीच्या. निळ्या, गुडघ्याइतक्या उंच, आणि प्रत्येकीच्या पाठीवर एक पिवळं बदक. परत घ्यायला दुकानदार तयार होईना, कारण ऑर्डर लेखी होती.

चौकशी बसली. चिठ्ठीवर क्रमांक कोणी लिहिला, एवढाच प्रश्न होता. आणि नेमका त्याच आठवड्यात तक्तेसाहेबांच्या बढतीचा कागद वरच्या साहेबांच्या टेबलावर होता. "तुझा कागद वर गेलाय. माझा कुठे जायचाय?" असं म्हणून स्टोअरकीपरने चौकशीत सांगितलं, "मीच लिहिला." बढतीची ऑर्डर हातात पडली की दोघांनी जाऊन खरं सांगायचं, असं ठरलं होतं. ऑर्डर पडली. मग घराचं काम निघालं, मग मुलीची दहावी, मग साहेब बदलले. अकरा वर्षं काही कोणी मोजून घालवत नाही, ती जातात. स्टोअरकीपरच्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा पडला, त्याची बढती कायमची अडली, आणि 'बदकवाले' हे नाव ऑफिसातून निघून त्याच्या घरापर्यंत जाऊन पोचलं. याउलट तक्तेसाहेबांची कीर्ती अशी, की यांच्या हातून आयुष्यात एक आकडा चुकलेला नाही.

संध्याकाळपर्यंत कानाच्या पुढचा सांधा ठणकायला लागला. तोंड उघडलं की 'कट्', मिटलं की 'कट्', आणि मध्येच जबडा एका बाजूला सरकायचा. बायको म्हणाली, "अहो, कोपऱ्यावर दातांची डॉक्टर आहे. जाऊन या."

"एकाच ठिकाणी कसं जाणार?" असं म्हणून तक्तेसाहेबांनी पट्टी घेतली आणि कागदावर रकाने आखले. उपचार, कालावधी, त्रास, खात्री, शेरा.

कोपऱ्यावरची दातांची डॉक्टर त्यांच्या मुलीपेक्षा चारच वर्षांनी मोठी असेल. तिने दोन्ही कानांपुढे बोटं ठेवून तोंड उघडायला-मिटायला लावलं. मग म्हणाली, "जबड्याचा सांधा आहे काका. घाबरण्यासारखं नाही. मऊ जेवा, दिवसातून दोनदा गरम कापडाने शेका, मोठी जांभई देऊ नका. आणि मुख्य म्हणजे दात आवळू नका. ओठ मिटलेले, दात सुटे. सहा आठवड्यांत बहुतेकांचं आपोआप बरं होतं."

"पण उपचार कोणता?"

"हाच."

"खात्री किती? लेखी द्याल?"

तिने हसून कागदावर तेच सगळं लिहून दिलं. मग सहज विचारलं, "दिवसभर दात आवळून बसायची सवय आहे का? काही काळजी वगैरे?"

"छे," तक्तेसाहेब म्हणाले, आणि त्यांच्याच कानाला आपले दात एकमेकांवर बसल्याचं ऐकू आलं. घरी येऊन त्यांनी तक्त्याच्या पहिल्या ओळीत लिहिलं: 'ठोस उपचार सुचवला नाही. डॉक्टरांचं वय कमी.' निरोपाला सात आठवडे होते आणि डॉक्टरीण सहा म्हणाली होती. पण फुकट मिळालेल्या आणि इतक्या सोप्या गोष्टीवर विश्वास ठेवायला माणसाचं मन मोठं लागतं. ते खरेदी विभागात तयार होत नाही.

दुसरं दरपत्रक मोठ्या इस्पितळातल्या सर्जनचं. तिथे तीन तास बसल्यावर चार मिनिटं मिळाली. सर्जन म्हणाले, "रात्री दातांत बसवायची पट्टी करता येईल. काहींना उपयोग होतो, काहींना नाही. नाहीच जमलं तर सांध्यात इंजेक्शन. ऑपरेशन अगदी शेवटी, आणि ते तुम्हाला लागेल असं वाटत नाही." तक्तेसाहेबांना हे उत्तर फार आवडलं, कारण त्यात तीन ओळी भरत होत्या. मात्र खात्रीच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना. पट्टीचं माप देता का, असं नर्सने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आधी आणखी दोन ठिकाणी चौकशी करतो."

तिसरी फिजिओथेरपिस्ट. तिने त्यांना त्यांचीच बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. निरोगी माणसाची तीन बोटं जातात, यांची दोन गेली. हे मोजमाप तक्तेसाहेबांच्या मनात भरलं. घरी त्यांनी 'आज किती बोटं' असा आणखी एक रकाना आखला, आणि रोज सकाळी आरशासमोर तो प्रामाणिकपणे भरला. तिने शिकवलेला व्यायाम, म्हणजे जीभ टाळूला लावून हळूहळू तोंड उघडायचं, तो मात्र त्यांनी एकदाही केला नाही. बायकोने कारण विचारलं तर म्हणाले, "अजून निवड झालेली नाही. निवडीआधी एकाच पुरवठादाराचा माल वापरणं नियमात बसत नाही."

"जबडा तुमचाच आहे ना?" बायको म्हणाली. "की तोही ऑफिसचा?"

ऑफिसचा नव्हता, पण मंजुरी ऑफिसचीच लागत होती. वैद्यकीय बिलं बघणाऱ्या बाईंनी फॉर्म दिला. त्यात प्रश्न होता: 'दुखणं दाताचं की हाडाचं? एकाच ठिकाणी खूण करा.' दाताचं असेल तर मंजुरी नाही, हाडाचं असेल तर आहे. तक्तेसाहेब म्हणाले, "सांध्याचं आहे."

"सांध्याला चौकोन नाही साहेब."

"मग असा कसा फॉर्म? कोणी केलाय हा?"

बाईंनी फॉर्म उलटा करून खालची बारीक ओळ दाखवली. फॉर्म सहा वर्षांपूर्वी तक्तेसाहेबांनीच केला होता. त्यावर बोलणं शक्य नव्हतं. मग प्रमाणपत्र आणण्यासाठी ते हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, हे दातवाल्यांचं काम. दातवाले म्हणाले, हाड आहे, हाडवाल्यांनी लिहावं. कानवाल्यांकडे त्यांना कोणी पाठवलं नव्हतं, तरी ते गेले, आणि कान उत्तम असल्याचं प्रमाणपत्र घेऊन आले. शेवटी फॉर्म दोन्ही चौकोनांच्या मधोमध खूण करून वर गेला आणि वरच राहिला. यात तीन आठवडे गेले. तक्त्यात अकरा ओळी झाल्या होत्या, आणि एक ना धड भाराभर चिंध्या अशी त्याची अवस्था होती.

या काळात रोज डब्याच्या वेळी स्टोअरकीपर विचारायचा, "काय म्हणतो जबडा?" तक्तेसाहेब दोन बोटं दाखवायचे. स्टोअरकीपर मान हलवायचा आणि आपल्या डब्यातला मऊ भाग त्यांच्या झाकणात काढून द्यायचा. खुर्च्यांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं तक्तेसाहेबांना नंतर फार वाटलं. पण तसं वाटणं म्हणजेसुद्धा आपलं काम दुसऱ्यावर ढकलणंच होतं.

दुखण्याची बातमी तोवर इमारतीत पसरली होती. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर काठी टेकत खाली आले. त्यांचं मत असं, की आजची पिढी चावत नाही म्हणून जबडे गंजतात. "कच्चं गाजर खा. रोज दोन." तक्तेसाहेबांनी एक खाल्लं आणि दोन दिवस नुसत्या खुणांनी बोलले. त्यावर हेडमास्तर न ओशाळता म्हणाले, "मग एकच उपाय. सायकलच्या दुकानामागे एक हाडं बसवणारा आहे. माझ्या साडूचा जबडा त्याने एका झटक्यात जागेवर आणला."

"साडू आता कसे आहेत?"

"गेले ते. पण जबड्याने नाही."

तक्तेसाहेब हाडं बसवणाऱ्याकडे उपचारासाठी गेलेच नव्हते, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवलं पाहिजे. बारावी ओळ भरावी एवढाच हेतू होता. हाडं बसवणारा खांद्यावर टॉवेल टाकून आला, त्याने त्यांना स्टुलावर बसवलं आणि मागे जाऊन उभा राहिला. तक्तेसाहेब म्हणाले, "मला फक्त दर—"

'दरपत्रक' या शब्दातल्या 'द'ला जबडा जेवढा उघडतो तेवढा त्या माणसाला पुरेसा होता. त्याने दोन्ही अंगठे लावून एक झटका दिला. आवाज असा झाला, की बाहेर पंक्चर काढणारा माणूससुद्धा वळून बघायला लागला.

"बसला," हाडं बसवणारा म्हणाला. आणि खरोखरच बसला. तो पुन्हा उठेचना. तक्तेसाहेबांचं तोंड एक बोट उघडत होतं, त्यापुढे नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो त्यांनी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन घेतला होता. निरोपाला बारा दिवस राहिले होते.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी चार्ज घेतला. कढत पाण्यात पिळलेलं पांढरं कापड त्यांनी हनुवटीखालून घेऊन टाळूवर गाठ मारून बांधलं आणि सांगितलं, "डोळे मिटून पडा. हलू नका, बोलू नका." तक्तेसाहेब गॅलरीतल्या आरामखुर्चीत पडले आणि शेकामुळे त्यांना झोप लागली. पेपरच्या बिलासाठी आलेल्या पेपरवाल्याने उघड्या दारातून ते डोकं बांधलेलं, न हलणारं रूप पाहिलं आणि बेल न वाजवताच तो खाली गेला. अर्ध्या तासात हेडमास्तर पडलेल्या चेहऱ्याने जिन्यात उभे, बिलवाल्या बाई रिक्षातून उतरतायत, आणि त्या सगळ्यांच्या पुढे स्टोअरकीपर, शर्टाची बटणं वरखाली लावलेली, तीन जिने धावत चढून आलेला.

तक्तेसाहेबांनी डोळे उघडले. स्टोअरकीपर भिंतीला टेकला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सगळे गेल्यावर मात्र तो आरामखुर्चीजवळ उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "त्या दिवसापर्यंत होईल ना रे बरं?"

तक्तेसाहेबांनी मान डोलावली. बांधलेल्या डोक्याने मान डोलावणं सोपं असतं.

त्या रात्री मुलीने जेवताना सांगितलं, "बाबा, एवढी कशाला काळजी करता? तुम्ही भाषण लिहून द्या. मी येते आणि वाचते. दोन मिनिटांचं तर काम."

बायकोही म्हणाली, "खरंच की. तुमचंच वाक्य आहे, लेखी असलेलं बरं."

तक्तेसाहेबांनी कुस्करलेल्या केळ्यात चमचा फिरवला आणि म्हणाले, "बघू."

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. एक बोट तोंड उघडणाऱ्या माणसाला बोलता येतं. जरा बोबडं येतं, जरा दुखतं, पण येतं. त्याच आठवड्यात त्यांनी प्लंबरशी वीस मिनिटं वाद घातला होता आणि जिंकलाही होता. आणि भाषणही त्यांनी लिहिलं होतं. सात ओळींचं. सहावी ओळ अशी होती: 'त्या खुर्च्यांचा क्रमांक मी लिहिला होता.' ती ओळ मुलीने वाचायची म्हणजे आधी मुलीला कळायची, आणि मुलीच्या लेखी आपल्या बापाच्या हातून आयुष्यात एक आकडा चुकलेला नव्हता. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला आणि पुन्हा तक्ता पुढे ओढला. पट्टी बरी की इंजेक्शन, यावर त्यांनी फार बारकाईने विचार केला. तक्ता पूर्ण झाला असता तर उपचार सुरू करावा लागला असता, उपचार केला असता तर तोंड उघडलं असतं, आणि तोंड उघडलं असतं तर बोलावं लागलं असतं. हे त्यांना तेव्हा कळत होतं की नाही, ते त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

निरोपाचा दिवस आला. सभागृहात मोठ्या माणसांच्या साठच खुर्च्या होत्या, त्या नंतर कधीतरी घेतलेल्या. माणसं जमली शंभर. म्हणून शिपायांनी स्टोअरमधून बदकांच्या चाळीस खुर्च्या काढून पुढच्या दोन रांगांत मांडल्या. मोठ्या खुर्च्या अधिकाऱ्यांनी आधीच धरल्या होत्या. त्यामुळे ज्याचा निरोप होता त्याचीच बायको, मुलगा आणि सून गुडघे हनुवटीशी घेऊन पहिल्या रांगेत बसले. स्टोअरकीपरच्या बायकोने नवीन साडी नेसली होती, आणि तिचा पदर सारखा जमिनीला लागत होता.

वरचे साहेब बोलायला उभे राहिले. ते दोनच वर्षांपूर्वी आलेले, त्यामुळे त्यांना स्टोअरकीपरबद्दल एकच गोष्ट माहीत होती. "आमच्या या काकांनी ऑफिसला खूप दिलं," ते म्हणाले, "आणि त्यातलं बरंचसं आत्ता तुम्ही खाली घेऊन बसला आहात." सभागृह हसलं. "चूक कोणाच्या हातून होत नाही? पण एकशेवीस वेळा एकदम?" सभागृह आणखी हसलं. मग साहेबांनी रिबीन बांधलेली एक बदकाची खुर्ची स्टेजवर मागवली आणि आठवण म्हणून काकांना भेट दिली. स्टोअरकीपरही हसला. त्याची बायको पदराची गाठ सोडत होती आणि पुन्हा बांधत होती.

"आता काकांचे सव्वीस वर्षांचे जिवलग मित्र दोन शब्द बोलतील," निवेदकाने सांगितलं.

तक्तेसाहेब माइकपाशी गेले. खिशातल्या कागदाची घडी त्यांच्या बोटांना लागली. समोर पहिल्या रांगेत सगळं घर मान वर करून बघत होतं. हसण्याचा आवाज नुकता विरला होता, आणि आता बोललं असतं तर एक शब्दही वाया गेला नसता. त्यांनी तोंड उघडलं. एक बोट उघडलं. सांध्यातून कळ निघून थेट डोक्यात गेली, आणि त्या कळेचा त्यांना आनंद झाला. हे त्यांनी पुढे कोणाला सांगितलं नाही, पण झाला. त्यांनी जबड्याकडे बोट दाखवलं, मान हलवली, हात जोडले आणि स्टेजवरून खाली आले.

"भावना दाटून आल्या बघा!" निवेदक म्हणाला. सभागृहाने दिवसभरातल्या सगळ्यात जास्त टाळ्या दिल्या. बिलवाल्या बाईंनी डोळे पुसले. स्टोअरकीपरने मांडीवर खुर्ची धरून तक्तेसाहेबांकडे पाहिलं, आणि अगदी हळू मान डोलावली. रागावला असता तर तक्तेसाहेबांना झोप लागली असती.

सोमवारी मंजुरीचं पत्र आलं. 'जबडा हे हाड समजण्यास हरकत नाही.' वरातीमागून घोडं आलं ते असं, शिक्क्यासकट. पण आता बोलायचं कुठे होतं, की इंजेक्शन घ्यावं? डबा खायला स्टोअररूम नव्हती. तिथे नवा माणूस आला होता आणि तो दाराला आतून कडी लावून जेवत असे. तक्तेसाहेब आपल्या टेबलावर एकटे, हळूहळू, मऊ जेवत. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरणीचा तो कागद शोधून काढला. गरम कापड, दिवसातून दोनदा. ओठ मिटलेले, दात सुटे. पाच आठवड्यांत तीन बोटं आरामात जायला लागली. बाराच्या बारा ओळींत पहिलीच बरोबर निघाली होती, आणि तीही पहिल्याच दिवशी, लेखी.

सुटीच्या दिवशी ते स्टोअरकीपरच्या घरी गेले. खोली लहान, माणसं सगळी घरात. मोठ्या खुर्च्या दोनच होत्या. एकीवर स्टोअरकीपर भाजी निवडत बसला होता, दुसरीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. सुनेने गडबडीने कोपऱ्यातली बदकाची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "काका, जरा यावर बसाल का?"

तक्तेसाहेब बसले. गुडघे हनुवटीशी आले.

"जबडा बरा झाला वाटतं!" स्टोअरकीपर म्हणाला.

"झाला," तक्तेसाहेब म्हणाले. मग त्यांनी सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. चिठ्ठी, खालची ओळ, बढतीचा कागद, चौकशी, अकरा वर्षं. जबडा एकदाही वाजला नाही. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, क्रमांक मी लिहिला होता. यांचा काही दोष नव्हता. मला त्या दिवशी बोलता आलं असतं. मी बोललो नाही."

मग स्टोअरकीपरच्या बायकोने चहाचा कप त्यांच्या हातात दिला आणि मायेने म्हणाली, "भाऊजी, तुमचं मन मोठं आहे. सव्वीस वर्षांची दोस्ती, तुम्ही असंच म्हणणार. पण आता झालं ते झालं. यांना आम्ही काही बोलत नाही हो त्यावरून."

"वहिनी, मी खरं सांगतोय."

मुलगा हसत म्हणाला, "काका, तुमच्या हातून आकडा चुकला? बाबांनीच सांगितलंय आम्हाला, तुमच्यासारखा माणूस ऑफिसात झाला नाही." आणि मग त्याला गंमत सुचली. "बरं, लेखी आहे का काही?"

सगळं घर हसलं. तो प्रश्न या घरात सव्वीस वर्षं विनोद म्हणून येत होता. तक्तेसाहेबांचा हात खिशाकडे गेला. सात ओळींचा कागद निरोपाच्या दिवशीच्या शर्टात राहिला होता आणि शर्ट दोनदा धुवून झाला होता. त्यांनी स्टोअरकीपरकडे पाहिलं. तो खाली मान घालून भाजीचे देठ मोडत होता.

"तू तरी सांग ना रे," तक्तेसाहेब म्हणाले.

"मी काय सांगू?" स्टोअरकीपर म्हणाला. "मीच लिहिला म्हणून माझी सही आहे." आणखी एक देठ मोडून म्हणाला, "चहा निवतोय."

तेवढ्यात आतल्या खोलीतून चार वर्षांची नात आली, आणि तक्तेसाहेबांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"उठा. ही माझी खुर्ची आहे."

"अगं, असं बोलतात का?" सून म्हणाली.

"माझीच आहे. आजोबांनी चुकून आणली."

तक्तेसाहेबांनी कप खाली ठेवला. "नाही बाळा. आजोबांनी नाही, मी आणली होती. माझी चूक होती."

नातीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मान जोरात हलवली. "नाही. आजोबांचीच चूक."

"असू दे रे," स्टोअरकीपर म्हणाला. "तिला आता पाठ झालंय ते."

तक्तेसाहेब खुर्चीचा हात शोधू लागले, पण त्या खुर्चीला हात नव्हते. स्टोअरकीपरने उठून त्यांना हात दिला आणि ओढून उभं केलं. नात लगेच बसली. तिचे पाय बरोबर जमिनीला टेकत होते.